गोष्ट ठेवा आणि टीका खरवडून टाका?

उंबराखाली
काल 'सुटसुटीत' यांनी तालमूद या ज्यूंच्या कायदा-कथांच्या जुन्या ग्रंथातल्या गोष्टींवर इथे लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की या गोष्टी झकास आहेत, पण पानाच्या कडेकडेने जी टीका, म्हणजे जुन्या पंडितांचं भाष्य, चढवून ठेवलीय तिने त्यांचा श्वास कोंडतो. मराठीत आणायच्या तर टीका खरवडून नुसत्या गोष्टी आणाव्यात. नमुना म्हणून त्यांनी अखनाईच्या भट्टीची गोष्ट दिली. तिथेच दोन ओळी लिहिणार होते, पण दोन ओळींत मावेना.

त्यांनी सांगितलं ते असं: एका भट्टीच्या शुद्धाशुद्धतेवरून ज्यू धर्मपंडितांत, म्हणजे रब्बींत, वाद. रब्बी एलिएझर एका बाजूला, बाकी सगळे दुसऱ्या. तो म्हणतो, माझं बरोबर असेल तर हे कॅरोबचं झाड सांगेल. झाड उपटून शंभर हात दूर जाऊन पडतं. ओढा उलटा वाहतो. पाठशाळेच्या भिंती कलतात. शेवटी आकाशवाणीही त्याच्याच बाजूने होते. तेव्हा रब्बी यहोशुआ उभा राहून म्हणतो, 'ती स्वर्गात नाही'. म्हणजे तोरा, हे धर्मशास्त्र, आमच्या हाती दिलेली आहे, निकाल बहुमताने लागेल. आणि देव हसून म्हणतो, पोरांनी मला हरवलं. इथे त्यांनी गोष्ट संपवली.

अहो, गोष्ट तिथे संपत नाही! पुढे ते सगळे मिळून एलिएझरने शुद्ध ठरवलेल्या वस्तू जाळतात आणि त्याला वाळीत टाकतात. हे त्याला सांगायला रब्बी अकिवा स्वतः जातो, कारण दुसरा कुणी गेला आणि वेडंवाकडं बोलला तर जग उद्ध्वस्त होईल. काळे कपडे घालून चार हात अंतर राखून बसतो. 'अकिवा, आज काय वेगळं?' 'गुरुजी, सोबती तुमच्यापासून दूर राहताहेत असं दिसतं.' बस, एवढंच. म्हातारा कपडे फाडतो, पायतण काढतो, जमिनीवर बसतो, डोळ्यांतून धारा लागतात. आणि त्या वर्षी ऑलिव्ह, गहू, जव, सगळ्याचा तिसरा हिस्सा करपून जातो.

त्याची बायको ईमा शालोम ही वाळीत टाकणाऱ्यांच्या प्रमुखाची, रब्बान गमलिएलची सख्खी बहीण. त्या दिवसापासून ती नवऱ्याला प्रार्थनेत पालथं पडू देत नाही. त्याने देवाजवळ मन मोकळं केलं तर भाऊ जगायचा नाही हे तिला ठाऊक. एक दिवस तिची नजर चुकते. परत येऊन बघते तर तो पालथा पडलेला. 'ऊठ, माझ्या भावाला मारलंस.' तेवढ्यात गमलिएलच्या घरून मरणाचं शिंग वाजतं. तुला कसं कळलं? ती म्हणते, आजोबांच्या घरचं वचन आहे: सगळी दारं बंद होतात, दुखावलेल्याचं दार तेवढं बंद होत नाही.

ही गोष्ट तालमुदातल्या बाबा मेत्सिया या भागाच्या 59व्या पानावर आहे. तिथे चर्चा भट्टीची नाहीच, शब्दांनी माणसाला दुखवण्याची आहे. घ्यायचं नसताना दुकानदाराला 'केवढ्याला?' विचारू नये, सुधारलेल्या माणसाला त्याचं जुनं काढून दाखवू नये, या नियमांच्या पोटात ही गोष्ट येते. अर्ध्यावर कापली तर ती विद्वानांच्या विजयाची होते. पूर्ण वाचली तर त्याच विद्वानांनी काय केलं त्याची. आम्ही पाच जण दर रविवारी 'एन याकोव', हा तालमुदातल्या कथांचा जुना संग्रह, वाचतो, या एका गोष्टीला आम्हाला अकरा रविवार लागले. मला राग येतो तो याचा, की जी कापली तीच मूळ म्हणून फिरते.

सुटसुटीत
ताई, गोष्ट अर्धी दिली ही चूक मान्य. पण त्यावरून तुम्ही टीकेची वकिली चालवलीत, ते मान्य नाही. तुम्ही आत्ता पूर्ण गोष्ट सांगितलीत आणि मला कळली. तुमचे ते टीकाकार, राशी लागला नाही, महार्शा लागला नाही.

आणि 'एन याकोव' म्हणजे तरी काय? कात्रीच की. याकोव इब्न हबीब स्पेनमधला, 1492 साली तिथून सगळ्यांबरोबर हाकलला गेला. पोर्तुगाल करत सालोनिकाला पोचला आणि 1516 मध्ये त्याने हे छापायला घेतलं. सगळ्या तालमुदातून कायदा, म्हणजे हलाखा, बाजूला काढला आणि कथाभाग ठेवला. का? साध्या माणसाला तालमुदाचं जंगल तुडवता येत नाही म्हणून. पुढे पोलंड-लिथुआनियात शिंपी, सुतार, दुकानदार संध्याकाळी जमून हेच वाचायचे. त्यांना तुम्ही अर्धवट म्हणणार का?

बियालिक आणि राव्नित्स्कींनी ओडेसात 1908 ते 1911 या काळात याच कथांचा विषयवार संग्रह केला, अरामी भागही हिब्रूत आणला. गिन्झबर्गने तर आदामापासून एस्तेरपर्यंत सलग कहाणी लिहिली आणि सगळ्या टिपा पाचव्या-सहाव्या खंडात नेऊन टाकल्या. पहिले चार खंड निवांत वाचता येतात. मी शाळेतल्या मुलांसाठी गोष्टी लिहितो. दहा वर्षांच्या मुलीसमोर पाच टीकाकार उभे केले तर ती पुस्तक मिटते. माझ्यासमोर मिटलंय, म्हणून सांगतो.

उंबराखाली
इब्न हबीबने कायदा काढला हे खरं. पण क्रम मोडला नाही, प्रकरणं जिथे होती तिथेच ठेवली, राशी घेतला आणि वर स्वतःची टीका लिहिली. पुस्तक पूर्ण व्हायच्या आत तो गेला, उरलेलं मुलाने केलं. मरणाच्या दारात बसून माणूस टीका लिहितो ती शोभेला? गिन्झबर्गचं म्हणाल तर त्याने टिपा नेऊन टाकल्या नाहीत, दोन अख्खे खंड दिले त्यांना, आणि 1938 मध्ये वर सूचीचा सातवा. तो शिलाई दाखवतो. आपल्याकडे होणारी भाषांतरं दाखवत नाहीत, मूळ कुठलं याची एक ओळ नसते.

तर्कट
दोघंही मूळ मुद्दा सोडून बोलताय. या गोष्टी खऱ्या मानायच्या का? 1263 साली बार्सिलोनात अरागॉनच्या राजासमोर वाद झाला. समोरचा पाब्लो ख्रिस्तियानी, ज्यूचा ख्रिस्ती झालेला. तो अग्गादातलेच, म्हणजे तालमुदाच्या कथाभागातलेच, उतारे काढून म्हणतो, बघा, तुमच्याच पुस्तकात मसीहा येऊन गेलाय. तेव्हा ज्यूंच्या बाजूने बोलणाऱ्या रामबान या रब्बीने सरळ सांगितलं, की ही प्रवचनं आहेत. कुणी मानली तर ठीक, नाही मानली तर बिघडत नाही. इथे विषय संपायला हवा होता.

पण संपला नाही. जेरुसलेमचं मंदिर पाडणाऱ्या रोमन टायटसच्या नाकात चिलट शिरलं आणि सात वर्षं मेंदू टोकरत होतं, अशी गोष्ट आहे. सोळाव्या शतकात इटलीत अझारिया दे रॉसीने लिहिलं, की हे इतिहास म्हणून टिकत नाही. प्रागच्या महाराल या रब्बीने त्याच्यावर आगपाखड केली. टीका म्हणजे हेच: गोष्ट उघडी पडायला लागली की वर पांघरूण घालायचं. आमच्या घरात पोथीवर शंका काढली म्हणून मी चौदाव्या वर्षी मार खाल्लाय. तेव्हापासून 'याचा गूढ अर्थ' हे शब्द ऐकले की माझं डोकं सणकतं.

उंबराखाली
तुमच्या माराबद्दल वाईट वाटतं, मनापासून. पण महारालवर हा अन्याय आहे. चिलट खरंच शिरलं यासाठी तो भांडत नाही. गोष्ट इतिहास सांगतच नाही तर तिला इतिहासाच्या तराजूत का घालता, हे त्याचं भांडण. रामबाम (हा वेगळा, रामबान नव्हे) या पंडिताने त्याच्याही कितीतरी आधी तीन गट सांगून ठेवलेत: शब्दशः मानून माना डोलावणारे, शब्दशः घेऊन खिल्ली उडवणारे, आणि हे कोड्यात बोललंय हे ओळखणारे थोडे. पहिले दोघे वाचतात एकाच पद्धतीने.

तर्कट
म्हणजे मी दुसऱ्या गटातला. बोला स्पष्ट.

उंबराखाली
हो, या बाबतीत.

नारदाची_गादी
मी कीर्तनकार, मला हिब्रू येत नाही, पण हे दुखणं ओळखीचं आहे. हल्ली आयोजक फोनवरच सांगतात, 'बुवा, पूर्वरंग नको, डायरेक्ट आख्यान घ्या, चाळीस मिनिटांत आटपा.' पूर्वरंगात अभंगाचं निरूपण झालं नाही तर आख्यान कशासाठी चाललंय हे श्रोत्याला कळणार कसं? ज्ञानेश्वरी ही टीकाच आहे ना? खरवडा बघू.

जाता जाता: आपल्या कोकणातल्या ज्यूंनीही मुंबईत 1880च्या सुमारास कीर्तनं सुरू केली होती. आब्राहाम, योसेफ अशी आख्यानं, साकी-दिंडीत.

तर्कट
ती बायबलची आख्यानं, बुवा. बेने इस्राएलांकडे, म्हणजे त्याच कोकणातल्या ज्यूंकडे, तालमूद नव्हताच. शनिवार पाळायचा, तेलाचा घाणा चालवायचा. रब्बींच्या गोष्टींचा आणि त्यांचा संबंध काय?

अश्दोदहून
हा धागा मी नुसता वाचत होतो. आता लिहितो, आणि लांब लिहितो.

'यांच्याकडे तालमूद नव्हता' हे वाक्य तुम्ही सहज टाकलंत. याच वाक्याने आमच्या माणसांची लग्नं अडवली. 1962 साली इथे इस्रायलमध्ये मुख्य रब्बी मंडळाने फर्मान काढलं, की बेने इस्राएलच्या लग्नाआधी त्याच्या आईची, आजीची, जाईल तितक्या मागची चौकशी करा. कारण काय, तर हे लोक शतकानुशतकं रब्बींच्या कायद्यापासून तुटलेले, यांचे घटस्फोट नियमाने झाले असतील कशावरून? आमचे लोक जेरुसलेमला धरणं धरून बसले, तेव्हा 1964 मध्ये ते मिटलं. कागदावर. मला शाळेत एका मास्तरांनी वर्गात उभं करून विचारलं होतं, 'तुमच्याकडे राशी कोण वाचायचं?' मी सात वर्षांचा. मराठीतून म्हणालो, आजी. सगळा वर्ग हसला. त्यांना 'आजी' हे नाव वाटलं.

आजी राशी वाचत नव्हती. मालिद्याचं ताट लावायची. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं, आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं नाव. ताटाशी बसवून सांगायची, की अलिबागजवळ खंडाळ्याला नबी उतरला होता, तिथून रथातून आकाशात गेला, कातळावर खूण आहे. दहाव्या वर्षी मी ती बघितली. तळहात ठेवून बघितला, उन्हाने तापलेला होता कातळ. ही गोष्ट बाबेलच्या कुठल्या रब्बीने लिहिलेली नाही. मग ती अग्गादा नाही?

आणि मराठीत काही नव्हतं म्हणणाऱ्यांनी हग्गादा उघडावी. मुंबईत 1846 मध्ये मराठी अर्थासह छापलीय. 1874ची पुण्याची तर चित्रांची, त्यात साडीतल्या बायका पेसाह सणाच्या भाकऱ्या करताना दाखवल्यात.

सुटसुटीत
राग समजू शकतो, पण हग्गादा वेगळी, अग्गादा वेगळी. एक पेसाहच्या रात्रीची पोथी, दुसरी रब्बींच्या कथा.

अश्दोदहून
सुटसुटीतसाहेब, धातू एकच, 'सांगणे'. आणि त्या पोथीत काय आहे ते वाचा. पाच रब्बी बने ब्राकला रात्रभर बोलत बसलेत, पहाटेच्या प्रार्थनेला बोलवायला शिष्य येतात. मग देवाने मिसरींवर किती पीडा आणल्या याचा हिशेब: रब्बी योसे म्हणतो मिसरात दहा पीडा आणि समुद्रावर पन्नास, एलिएझर म्हणतो चाळीस आणि दोनशे, अकिवा म्हणतो पन्नास आणि अडीचशे. तोच एलिएझर, तोच अकिवा, ज्यांच्यावरून वरती ताई रडल्या. आमच्या घरी हे मराठीत वाचलं जायचं. अडीचशे आल्यावर आजोबा थांबायचे आणि बोटं मोजून दाखवायचे. आम्हा पोरांना तोंडपाठ होतं.

तर्कट
आजीचं वाचून गप्प झालो. तेलाच्या घाण्याचा उल्लेख नको होता. पण मुद्दा सोडत नाही: खंडाळ्याची खूण ही श्रद्धा आहे, पुरावा नाही.

अश्दोदहून
पुरावा मागितला होता ज्यांनी फर्मान काढलं त्यांनी. तुम्हीही त्याच रांगेत उभे राहिलात. 'नको होता' एवढ्यावर भागत नाही.

तर्कट
चुकलो. माफ करा. पुढे बोलत नाही.

सुटसुटीत
पण एक बघा, खंडाळ्याची गोष्ट टीकेशिवायच टिकली ना? आजीने सांगितली, नातवाने ऐकली. माझं म्हणणं याहून वेगळं काय होतं?

अश्दोदहून
मला कुणाच्या बाजूने वापरू नका. आजी गोष्ट एका दमात सांगायचीच नाही. मध्येच आत्या म्हणायची, रथ नव्हे, घोडा. तिची आई तसं सांगायची. मग दोघींची जुंपायची आणि पोहे मऊ पडायचे. मी खूण आठवतो तेव्हा ते भांडण आधी आठवतं.

उंबराखाली
आत्याबाई सांगतात तेच पानाच्या कडेला छापलंय. 'काही म्हणतात चारशे हात', ही ओळ झाडाच्या गोष्टीत अशीच येते.

पण माझ्याकडूनही एक. मी रविवारच्या वाचनात एका मुलीला, 'आधी राशी वाचून ये, मग बोल', असं म्हणाले होते. ती परत आली नाही. हीच गोष्ट चालू असताना म्हणाले. काल रात्रभर तेच डोक्यात होतं, आणि राग 'सुटसुटीत' यांच्यावर काढला.

सुटसुटीत
ठीक. मी भट्टीची गोष्ट मुलांसाठी पुन्हा लिहितोय, ईमा शालोमच्या शिंगापर्यंत. दुकानदाराचा नियम सुरुवातीला घेतो. महार्शा घेणार नाही म्हणजे नाही.

उंबराखाली
मग एवढं सांगा. तिची नजर का चुकली याचे मुळातच दोन पाठ आहेत. एक, महिना एकोणतीसचा की तिसाचा यात तिचा घोळ झाला. दुसरा, दारात भिकारी आला आणि ती त्याला भाकरी द्यायला गेली. कुठला ठेवणार?

सुटसुटीत
भिकारी. मुलांना तो दिसतो.

अश्दोदहून
दोन्ही ठेवा.