गाडी बंद, पंखा चालू

हायब्रिड गाडी (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली) लावून लिफ्टपर्यंत आलात तरी तिचा पंखा घोंघावत असतो, म्हणून काळजी वाटतेय ना? काही मिनिटांत आपोआप थांबत असेल तर निवांत राहा. माझीही हायब्रिडच आहे. मे महिन्यात सिंहगड चढून वाहनतळावर लावली की पंखा सुरूच असतो. इंजिन थांबलं तरी त्याच्या धातूत साठलेली उष्णता कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवात, उतरत राहते, तापमान उलट थोडं वर जातं. तो आकडा पाहून कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, पंखा चालवतं.

पण एक बघा, गाडी खरंच बंद आहे का? हायब्रिडमध्ये इंजिन गप्प म्हणजे गाडी बंद असं नाही. डॅशबोर्डवर 'रेडी'चा दिवा पेटलेला असेल तर ती चालूच आहे. सिग्नलला उभे असताना बऱ्याच हायब्रिडमध्ये एसीचा कॉम्प्रेसर बॅटरीवर चालतो, त्यासाठीही पुढचा पंखा फिरतो.

आणि आवाज नक्की कुठून येतो? मागच्या सीटपाशी असेल तर तो हायब्रिडच्या मोठ्या बॅटरीला गार ठेवणारा पंखा. बऱ्याच गाड्यांत तिथे हवा ओढायची जाळी असते. आमच्याकडे त्यावर मंडईच्या पिशव्या ठेवायची पद्धत होती, हवा अडते म्हणून ती मी मोडली!

अर्धा तास फिरत राहिला किंवा सकाळी थंड गाडीतही सुरू झाला, तर मात्र रिले (पंख्याचा विजेवर चालणारा स्विच) किंवा तापमानाचा सेन्सर तपासून घ्या. अशा वेळी बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरू शकते. कूलंटची पातळी गाडी गार झाल्यावरच बघा, गरम असताना झाकण उघडू नका.