गाडीत किती भरायचं, मागे किती ओढायचं? अनुभव लिहा

डिकीतली जागा दिसते, वजन दिसत नाही, तिथेच घोळ होतो. भरलेली गाडी किंवा ट्रेलर चालवणाऱ्यांनी लिहा, निघताना नक्की काय बघता?

*

आधी हिशोब. गाडीच्या कमाल वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतं तेवढंच आपलं, त्यात माणसंही आली. पाच जण बसले की साडेतीनशे किलो तिथेच संपले, आणि ट्रेलरचा जो भार हुकावर येतो तोही यातच धरायचा असतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

*

ट्रेलरचं सांगतो. मित्राने भरून दिलेला ट्रेलर घेऊन निघालो, जड जनरेटर पार मागच्या फळीला टेकवलेला, सपाटीवर काही जाणवलं नाही पण उतार लागला, वेग वाढला आणि आरशात बघतो तर ट्रेलरचं शेपूट डावी-उजवी करतंय, प्रत्येक झोक्याला जास्तच. अशा वेळी ब्रेकवर उभं राहायचं नाही आणि स्टिअरिंगही उलटसुलट फिरवायचं नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, वेग उतरला तसा तो शांत झाला. बाजूला घेऊन जनरेटर एक्सलच्या जरा पुढे सरकवून बांधला, नंतर त्याच वेगाला गाडी सरळ. माझ्या ट्रेलरच्या पुस्तकात एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हुकावर हवा असं दिलंय, म्हणजे 1000 किलोला 100 ते 150. पण हुकाची स्वतःची मर्यादा कमी असेल तर तीच पाळायची.

*

टपावरच्या मर्यादेत कॅरियरचं वजनपण येतं. वर हलकंच सामान ठेवा, नाहीतर वळणावर गाडी कलते.

*

मी पिकअप चालवते. मागे जास्त भरलं की पुढचं नाक उचलतं, स्टिअरिंग हलकं लागतं, आणि रात्री समोरचे सारखे डिपर मारायला लागले की समजायचं आपले हेडलाइट वर गेलेत. पूर्ण लोडसाठी हवेचा आकडा वेगळा असतो, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर दिलेला, टायर थंड असतानाच भरायची. हवा कमी असली की टायरची बाजू सारखी दबून तापते, लोड असला की फुटायची भीती जास्त. उतारावर आधीच खालचा गिअर टाका, ब्रेकवर बसून उतरलात तर ते तापून ढिले पडतात.

*

वरच्या ताईंना पूर्ण अनुमोदन. भर फक्त एवढीच, की अंदाज न बांधता काट्यावर न्या. पुढची चाकं आणि मागची चाकं वेगवेगळी तोला, कारण एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा एक्सल ओव्हरलोड निघू शकतो.