देशी झाडांच्या वाटेवर: तुमचा एक थांबा सांगा

फक्त देशी झाडं जोपासलेल्या वृक्षोद्यानात जे पायी फिरलेत, त्या सगळ्यांना आग्रहाचं बोलावणं. यादी नको, जिथे पाय थबकले ती एक जागा सांगा. सुरुवात मी करते.

माझा थांबा बहावा. पानं कुरतडलेली, काहींच्या तर नुसत्या शिरा उरलेल्या. निगा नाही वाटतं, म्हणून वाईट वाटलं. तिथल्या माळीकाकांनी पान हलकेच उलटून दाखवलं. हिरवी अळी, पानाच्या रंगात मिसळून गेलेली. कॉमन एमिग्रंट फुलपाखराची. त्याची मादी बहाव्यासारख्या मोजक्याच झाडांवर अंडी घालते. काका म्हणाले, "फवारणी केली तर फुलपाखरं कुठून यायची?" आता कुरतडलेलं पान दिसलं की मला आधी आनंद होतो.

—

मी फेब्रुवारीअखेर गेलो. पळसावर एक पान नाही, सगळा फुललेला. शिंजीर, मैना, पोपट, सगळे मधासाठी आलेले आणि आडोसा नसल्यामुळे नुसत्या डोळ्यांनी दिसत होते. पुन्हा गेलो तो दुपारी, तेव्हा चिटपाखरू नव्हतं. उजाडताच जा.

—

कुणीतरी मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावून चाललं होतं. समोरचं मुंगूस क्षणात झुडपात गेलं. माझी लेक रडवेली झाली. कृपा करून वाटेवर आवाज बंद ठेवा.

—

आईचे गुडघे दुखतात, म्हणून सपाट वाट निवडली. पाट्या मी वाचत होतो, ती वाचत नव्हती. खोडावर हात ठेवून म्हणाली, "हा ऐन. मगरीच्या पाठीसारखी साल बघ." मग पान उलटून देठाजवळच्या दोन गाठी दाखवल्या. हे सगळं तिला ठाऊक आहे, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

—

उंबर! गळलेलं फळ उकललं तर आत इवल्या माश्यांसारखे कीटक. उंबराची फुलं फळाच्या आतच असतात आणि परागीभवन हेच चिमुकले गांधीलमाशीच्या नात्यातले कीटक करतात. वर तांबट खात होते, खाली मुंग्या. त्या झाडापुढे जाणं झालंच नाही.

—

ऐनवाले दादा, त्या गाठींतून गोड रस पाझरतो, त्यावर मुंग्या येतात. आईंनी आणखी कुठली झाडं ओळखली, तेही लिहा ना.