घर घेतलं, दुरुस्त केलं: इक्विटी नक्की किती वाढली?

उंबरठा:
नमस्कार मंडळी. जुनं घर घेऊन सव्वा वर्ष झालं. सोयीसाठी खरेदीची किंमत 100 धरते. त्यात 80 कर्ज (20 वर्षं, 9 टक्के) आणि 20 आमचे. दुरुस्तीला 15 लागले, तेही खिशातूनच. वायरिंग आणि नळाच्या लाइनी पूर्ण बदलल्या, बाथरूम, ओटा, फरशी नवीन केली. काम चालू असताना पाच महिने घर बंद होतं. कर्ज आता 78 राहिलंय.

एजंट म्हणतो, 135 सहज येतील. भाऊ म्हणतो, तुम्ही 57 कमावले. नवरा म्हणतो, 20. आईला जिने चढवत नाहीत, तिच्यासाठी खाली एक खोली काढायची आहे आणि त्यासाठी याच घरावर टॉप-अप कर्ज, म्हणजे चालू कर्जावर वाढीव कर्ज, घ्यायचा विचार आहे. म्हणून खरा आकडा हवाय.

हिशेबवही:
ताई, भाऊ सांगतोय ती आजची इक्विटी, म्हणजे घराच्या किमतीतून कर्ज वजा जाता उरणारा तुमचा हिस्सा: 135 वजा 78, 57. पण त्यातले 37 तुमचेच पैसे आहेत. सुरुवातीचे 20, दुरुस्तीचे 15 आणि हप्त्यांतून फिटलेलं 2 मुद्दल. (80 च्या कर्जाचा हप्ता साधारण 0.72 बसतो आणि पहिल्या महिन्यात त्यातले 0.60 व्याजातच जातात. सव्वा वर्षात मुद्दल एवढंच हलतं.) उरले 20, तो यजमानांचा आकडा.

त्यातूनही नोंदणी, वकील, दलाली वजा करायची. तुम्ही आकडा दिला नाही, मी 6 धरतो. घर बंद होतं त्या पाच महिन्यांचं व्याज 3. नंतरचं व्याज मी धरत नाही, कारण तेव्हापासून तुम्ही तिथे राहताय, नाहीतर भाडं भरलंच असतं. राहिले 11.

हे 11 सगळे दुरुस्तीचे नाहीत. तुमच्यासारखं, पण हात न लावलेलं घर आज 106 ला जात असेल, तर 6 बाजाराने दिले. ते काहीही न करता मिळाले असते.

आता माझी खरी काळजी. हे सगळं 135 वर उभं आहे, आणि तो एजंटचा अंदाज आहे, झालेला व्यवहार नाही. 135 च्या जागी 125 धरा. किंमत साडेसात टक्क्यांनीसुद्धा कमी झाली नाही, पण तुमचे 11 चे 1 होतात! कर्ज, खर्च हे आकडे पक्के असतात, त्यामुळे किमतीतली सगळी चूक थेट नफ्यावर येते. म्हणून आधी तो एक आकडा पक्का करा. गेल्या सहा महिन्यांत खरोखर विकली गेलेली तीन-चार घरं शोधा. क्षेत्रफळ, मजला, बांधकामाचं वय जवळपास सारखं हवं. जाहिरातीतल्या किमती घेऊ नका.

ओळंबा:
मी घरांचं मूल्यांकन करतो, त्या बाजूने सांगतो. 15 खर्च केले म्हणून 15 ने किंमत वाढत नाही. वायरिंग आणि पाइप बदलले त्याचा घेणारा वेगळा भाव देत नाही, पण जुने असते तर त्याने नक्की कापले असते. तो खर्च किंमत टिकवणारा धरा. ओटा, बाथरूम, उजेड यांनी किंमत वाढते, तीही आसपासच्या सर्वांत चांगल्या घराच्या भावापर्यंतच. त्यापुढची उंची फरशी सहसा वसूल होत नाही.

मी घरात गेलो की आधी बाथरूमच्या मागची भिंत बघतो. जमिनीपासून वीतभर उंचीवर रंगाला फुगे आलेत का, बोटाने दाबल्यावर पुट्टी भुसभुशीत लागते का. तिथे ओल असेल तर नवीन टाइल्सचं कौतुक तिथेच संपतं. तुम्ही लाइनी बदलल्यात तर भिंती बंद करण्याआधीचे फोटो आणि बिलं मूल्यांकनाच्या दिवशी समोर ठेवा, आम्हाला भिंतीच्या आतलं दिसत नाही. आणि टॉप-अप देताना बँक स्वतःच्या मूल्यांकनावर जाते, तेही बहुधा हात राखून केलेलं असतं. कर्ज किती टक्क्यांपर्यंत देतात ते आधी विचारा. 125 च्या 75 टक्के धरले तर 93.75, त्यातून 78 गेले, हातात 15.75. सत्तावन्न नाही.

दुसरा_मजला:
घर घेऊन, दुरुस्त करून विकणारे 70 टक्क्यांचा ठोकताळा लावतात: दुरुस्तीनंतरच्या किमतीचे 70 टक्के, वजा दुरुस्ती. 130 धरले तर 91 वजा 15, म्हणजे 76 च्या वर घ्यायचं नाही. तुम्ही 100 ला घेतलंय, पण राहायला घेतलंय. तो नियम स्वतःला लावून हळहळू नका.

उंबरठा:
सगळ्यांचे मनापासून आभार. विकल्या गेलेल्या तीन घरांचे भाव मिळाले. क्षेत्रफळाचा फरक काढल्यावर ते 122, 126 आणि 129 येतात. मी 125 धरून चालते. भिंतीतल्या लाइनींचे फोटो नवऱ्याच्या फोनमध्ये सापडले, ओल कुठेही नाही. आईची खोली 15 मध्ये बसते का, ते आता गवंड्याला विचारते.