५० टनी क्रेनचे दिवस कसे कमी करायचे? (२० × ६० मीटर पीईबी शेड, म्हणजे कारखान्यात बनवून साइटवर बोल्टने जोडायची लोखंडी शेड)

शेडची उंची ८ मीटर, फ्रेम ११, कॉलम २२. जोडलेला राफ्टर (दोन कॉलमवर बसणारी छताची तुळई) साधारण दीड टनाचा. क्रेनला किमान एक शिफ्ट, म्हणजे ८ तासांचं भाडं, शिवाय आणण्या-नेण्याचे वेगळे. इरेक्टर (शेड उभी करणारा ठेकेदार) ६ दिवस मागतोय. कमी होतील का?

शेडवाला
दिवस नका मोजू, उचली मोजा. कॉलमना ५० टनी कशाला? ते हायड्रा (माल उचलून चालणारी छोटी क्रेन) उभे करेल. मोठ्या क्रेनच्या वाट्याला ११ राफ्टर उरतात. पहिल्या दोन फ्रेमला वेळ द्यावाच लागतो: पहिला राफ्टर चारही बाजूंनी गाय रोपने (जमिनीला बांधलेल्या दोरांनी) ताणल्याशिवाय हुक सोडायचा नाही, दुसरा चढला की त्या गाळ्यातल्या (दोन फ्रेममधल्या जागेतल्या) पर्लिन (पत्रे बसतात त्या आडव्या पट्ट्या) आणि ब्रेसिंग (तिरके आधार) लगेच. यात ४ तास धरा. पुढचे ९ राफ्टर प्रत्येकी ४० मिनिटांनी ६ तासांत. एकूण १० तास, म्हणजे दोन शिफ्ट, वर थोडी उसंत.

अट एवढीच की क्रेन यायच्या आधी राफ्टर जमिनीवर जोडून, स्प्लाइसचे (तुकड्यांच्या जोडाचे) बोल्ट पूर्ण आवळून, आपापल्या गाळ्यात लाकडी ठोकळ्यांवर पडलेले हवेत. क्रेन शेडच्या आत उभी राहून मागे मागे येणार, म्हणून सुरुवात लांबच्या टोकाच्या ब्रेसिंगच्या गाळ्यातून. बाहेर पडायच्या बाजूचे गेबल पोस्ट (टोकाच्या भिंतीचे खांब) सगळ्यात शेवटी, हायड्राने.

फाउंडेशन_आधी
वरचा हिशेब बरोबर, पण तो फाउंडेशनमधल्या अँकर बोल्टवर उभा आहे. बोल्ट १० मिमी सरकलेला निघाला तर कॉलमच्या बेसप्लेटचं भोक कापत बसाल आणि तेवढ्या खोळंब्याचंही भाडं भराल. कॉलम उभे करण्याच्या आठवडाभर आधी टेप लावून कर्ण मोजा, लेव्हल घ्या, २-३-५ मिमीच्या पॅकिंग प्लेट कापून ठेवा. राफ्टर चढवण्याआधी कॉलम ओळंब्यात हवेत.

दुसरं, फाउंडेशनभोवतीचा ताजा भराव. आउटरिगर (क्रेनचा बाजूला पसरणारा पाय) तिथे टेकला की धसतो. रोलर फिरवून घ्या, पॅडखाली जाड स्टील प्लेट किंवा स्लीपर टाका.

रिगर
'५० टन' हा आकडा बूम आखडलेला आणि त्रिज्या (क्रेनच्या मध्यापासून हुकापर्यंतचं आडवं अंतर) जेमतेम ३ मीटर असतानाचा. तुमच्या त्रिज्येला किती उचलते ते लोड चार्टवर पाहा; हुक आणि स्लिंगचं वजन त्यातच धरतात. दुपारी वारा सुटतो, म्हणून सकाळी ७ ला पहिली उचल. राफ्टरच्या दोन्ही टोकांना टॅग लाइन (खालून धरायचा दोर) बांधा.

चालू कारखान्याच्या आवारात काम असेल तर क्रेनचं तपासणी प्रमाणपत्र, ऑपरेटरचं लायसन आणि गेटपास आदल्या दिवशीच. नाहीतर क्रेन गेटवर आणि मीटर चालू. तास गेटपासून धरणार की पहिल्या उचलीपासून, डिझेल कोणाचं, हे ऑर्डरवर लिहून घ्या.

शेडवाला
एक राहिलं. आत ईओटी (छताखाली रुळांवर फिरणारी क्रेन) येणार असेल तर तिचे गर्डर याच दोन शिफ्टमध्ये चढवा. छत बंद झाल्यावर बूमला जागाच राहत नाही.