मदत हवी आहे: इम्प्लांटनंतरचा बधिरपणा आणि ठणका

मैत्रिणींनो, कॅन्सरमुळे उजवा स्तन काढला आणि त्याच ऑपरेशनमध्ये छातीच्या स्नायूखाली सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं. आता दोनेक महिने होत आलेत. जखम भरली, ताप नाही, लाली-सूज नाही. पण छातीपासून दंडाच्या आतल्या बाजूपर्यंत कातडी बधिर आहे आणि मध्येच करंट लागल्यासारखी चमक येते. स्पर्श कळत नाही, दुखतं मात्र नेमकं तिथेच, हा काय न्याय! सकाळी उठताना छाती आवळलेली असते ती वेगळीच.

डॉक्टर म्हणतात, त्वचेकडे जाणाऱ्या बारीक नसा कापल्या जातात, त्या रोज जेमतेम १ मिलिमीटर वाढतात. काही भागाची संवेदना कदाचित परत येणारच नाही. गरम पाण्याच्या पिशवीला सक्त मनाई, कारण भाजलं तरी कळणार नाही. सासूबाईंना हे पटवताना नाकी नऊ आले.

ज्यांची अशीच शस्त्रक्रिया झालीय त्यांनी सांगा: चमका साधारण कधी कमी झाल्या? हात वर नेण्याचे व्यायाम दुखत असताना कितपत ताणायचे? कुशीवर कधीपासून झोपता आलं? आणि आतून शिवण न टोचणारी मऊ ब्रा पुण्यात कुठे मिळेल? औषधांची नावं नकोत, ती डॉक्टरांनाच विचारेन.