सूक्ष्म हिरे सापडले म्हणजे खाण झाली?

खडकाळ: ‘जी-१० गार्नेट मिळाले, ड्रिलच्या गाभ्यात सूक्ष्म हिरे निघाले, कॅनडात दुसरी एकाटी झालीच समजा!’ कालची ही पोस्ट वाचून राहवलं नाही. (जी-१० म्हणजे हिऱ्यांची खूण मानला जाणारा जांभळा गार्नेट; एकाटी ही कॅनडाच्या उत्तरेतली हिऱ्यांची खाण.) १९९१ मध्ये तिथल्याच पॉइंट लेकच्या ५९ किलो गाभ्यातून, म्हणजे ड्रिलने काढलेल्या खडकाच्या कांडीतून, ८१ बारीक हिरे निघाले आणि लाक द ग्रा तळ्याभोवती खाणहक्काचे दावे ठोकायला झुंबड उडाली, मान्य. पण १९९८ मध्ये एकाटी सुरू झाली ती पांडा पाइपवर (पाइप म्हणजे हिरे वर आणणाऱ्या ज्वालामुखी खडकाचा उभा खांब), पॉइंट लेकवर नव्हे! टनामागे किती कॅरट आणि कॅरटमागे किती डॉलर, हे बल्क सॅम्पलशिवाय, म्हणजे टनावारी खडक काढून तपासल्याशिवाय, कोण सांगणार?

उत्तरायण: पोस्ट माझीच. तुमच्यासारख्यांचं ऐकलं असतं तर पॉइंट लेकचे हिरे शोधणारा भूगर्भशास्त्रज्ञ फिप्के कधीच घरी परतला असता.

भिंगवाली: मध्येच बोलते. सहा वर्षं प्रयोगशाळेत हिऱ्यांची खूण सांगणारे हेच खनिजकण वेचलेत. सगळे जांभळ्या गार्नेटवर लट्टू, हिरव्या क्रोम डायोप्साइडला कुणी विचारत नाही. तो वाटेत लवकर झिजतो. धारदार कडांचा मिळाला तर पाइप जवळपास असतो. गार्नेट मात्र हिमनदीने कुठून कुठे फरफटत आणलेला असतो.

उत्तरायण: म्हणजे बर्फ आला त्या दिशेने उलटं चालत जायचं. सोपं आहे की!

भिंगवाली: सोपं? बर्फाने दिशा बदलली असेल तर? खडकावरचे ओरखडे एकावर एक, दोन दिशांचे असतात. एकदा आमच्या साहेबांनी वरवरचा ओरखडा धरून अख्खा उन्हाळा भलत्याच तळ्याकाठी घालवला. अहवालात मात्र ‘आशादायक’! डोळे आमचे गेले, बोनस त्यांना.

खडकाळ: ताई, बोनससाठी वेगळा धागा काढा.

भिंगवाली: काढणारच. इथे कण वेचणाऱ्यांना विचारतंय कोण?

बुडीतखाते: मला विचारा. अशाच ‘आशादायक’वर एका छोट्या कंपनीचे शेअर घेतले होते. १९९४ मध्ये त्याच भागातल्या ट्ली क्वी चो पाइपच्या बल्क सॅम्पलने किती जणांना झोपवलं, हे नंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं.

उत्तरायण: रडगाणं पुरे. तिथलीच डायव्हिक खाण चाललीच ना?

खडकाळ: चालली. आणि जेरिको खाण? फक्त २००६ ते २००८. स्नॅप लेक? डी बीअर्ससारखी कंपनी, खाली पाणी उपसून दमली, २०१५ मध्ये काम बंद. उत्तरेत जड सामान न्यायचं ते हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरच्या रस्त्याने, जेमतेम दोन महिने. तुमच्या गाभ्यातल्या हिऱ्यांना हा खर्च माहीत आहे का?

उत्तरायण: बरं, साहेब. ‘झालीच’ऐवजी ‘झाली तर’ लिहितो. खूश?

भिंगवाली: डायोप्साइड मिळाला का, तेही लिहा.